टॉर्चचा रिफ्लेक्टर पुन्हा पुन्हा जळतोय? आधी बल्बची बैठक तपासा

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. घरात जुनी मोठी टॉर्च पडून असते आणि कोणीतरी तिच्यात ६ व्होल्ट २० वॉटचा हॅलोजन बल्ब बसवतो. पहिल्या रात्री झोत समोरच्या टॉवरच्या टाकीपर्यंत जातो, सगळे खूश. थोड्याच दिवसांत झोताच्या मधोमध काळपट खळगा दिसायला लागतो. काच उघडून पाहावं तर रिफ्लेक्टरच्या भोकाभोवती तपकिरी कडं. नवा रिफ्लेक्टर आणला तरी पुन्हा तेच. तिसऱ्या रिफ्लेक्टरनंतर निष्कर्ष ठरलेला: माल डुप्लिकेट आहे.

माल कधीकधी खरंच डुप्लिकेट असतो. पण अस्सल आणून बसवला तरी हे दुखणं थांबत नाही. जुन्या तीन सेलच्या टॉर्चमधला बल्ब जेमतेम एक ते दोन वॉटचा असायचा. त्याच पोकळीत आता २० वॉट, म्हणजे निदान दसपट उष्णता कोंडली जाते. रिफ्लेक्टर मात्र तोच, प्लास्टिकचा. वर त्याच्यावर दोन कामं लादलेली: उजेड फेकायचा आणि बल्बही धरून ठेवायचा. पहिलं काम तो गरम होऊनही बऱ्यापैकी करतो. दुसऱ्यात तो हरतो, आणि सगळा बिघाड तिथून सुरू होतो.

एलईडी लावा की, असं सांगणाऱ्यांशी माझं भांडण नाही. नुसता उजेड हवा असेल तर एलईडीच घ्या. ठाण्यात माझ्याकडे या टॉर्च येतात त्या वेगळ्या कारणांनी. कोणाला वडिलांची पितळी टॉर्च चालू ठेवायची असते, कोणाला भिंतीतली ओल आणि रंगाचा फरक तारेच्या बल्बच्या उजेडातच नीट दिसतो, आणि खाडीत रात्री चिंबोऱ्यांना जाणाऱ्या काहींचा पिवळ्या झोतावरच भरवसा असतो. एवढं लक्षात ठेवा की एलईडीची उष्णता पाठीमागे धातूतून वाहून न्यावी लागते, तर तारेच्या बल्बची बहुतेक उष्णता इन्फ्रारेड होऊन उजेडाबरोबर पुढे निघते. त्यामुळे एलईडीवाल्यांचे उपाय इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

आधी डाग कुठे आहे ते पाहा

रिफ्लेक्टर फेकण्याआधी उजेडात धरून नीट बघा. डागाची जागाच निम्मं निदान करते.

भोकाभोवती सगळीकडे सारखं तपकिरी कडं असेल तर बल्ब किंवा त्याची धातूची टोपी प्लास्टिकला टेकलेली आहे, किंवा मधली फट फारच कमी आहे. सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार हाच.

डाग फक्त एका बाजूला असेल तर टॉर्च चालू असताना ती बाजू वर असते का ते आठवा. टॉर्च आडवी धरली की गरम हवा वरच्या अर्ध्या भागात साचते. गेटवर टॉर्च एकाच कोनात टेकवून ठेवणाऱ्या वॉचमनच्या टॉर्चमध्ये हा डाग हमखास सापडतो. डाग वर नसून भलत्याच बाजूला असेल तर बल्ब तिरका बसला आहे.

सगळ्या रिफ्लेक्टरवर आणि काचेवर दुधी धुकं आलं असेल तर तो जळण्याचा डागच नव्हे. आतलं काहीतरी तापून त्याची वाफ होते आणि गार जागी जाऊन बसते. बल्ब हलू नये म्हणून कोणी फेविक्विकसारखा झटपट गोंद किंवा एमसीलसारखी पुट्टी लावली आहे का ते पाहा. झटपट गोंदाची वाफ पांढरी बुरशी आल्यासारखी पसरते, आणि ती पुसायला गेलात की चकाकीही बरोबर निघते.

चकाकीचे पापुद्रे निघत असतील तर आत पाणी शिरलं आहे. पावसाळ्यात भिजलेली टॉर्च तशीच कपाटात ठेवली की हे होतं. उष्णतेने ते फक्त लवकर होतं.

आता राहिला तो मधला काळा खळगा, ज्यावरून लोक रिफ्लेक्टर बदलतात. तो तपकिरी कड्यामुळे पडतो असं सगळे धरून चालतात. तसं नसतं. ५० मिमी व्यासाचा रिफ्लेक्टर घ्या, भोक ९ मिमीचं, आणि भोकाभोवती २ मिमी रुंदीचं कडं पूर्ण जळून काळं झालं असं समजा. दूरवर पडणाऱ्या झोताच्या मधल्या बिंदूची प्रखरता रिफ्लेक्टरचा किती भाग चकाकतोय त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. त्या काळ्या कड्याचं क्षेत्रफळ एकूण तोंडाच्या जेमतेम साडेतीन टक्के भरतं. साडेतीन टक्क्यांचा फरक डोळ्याला कळतसुद्धा नाही.

खळगा पडतो तो बल्ब जागेवरून सरकल्यामुळे. प्लास्टिक मऊ झालं की त्यात रुतलेली बल्बची बैठक ढिली पडते, मागची स्प्रिंग बल्बला पुढे ढकलते आणि तार फोकसच्या बिंदूवरून हटते. अशा टॉर्चमध्ये फोकसचं अंतर (रिफ्लेक्टरच्या तळापासून फोकसच्या बिंदूपर्यंत) साधारण ६ मिमी असतं. तेवढ्या अंतरात तार १ मिमी पुढे गेली तर काठाजवळून परतणारे किरणसुद्धा सुमारे दीड अंशाने वळतात. ३० मीटरवर तो पाऊण मीटरचा फरक झाला. भोकाजवळचे किरण तर पाच अंशांहून जास्त भरकटतात. सगळे किरण मधून पळाले की मध्ये खळगा उरतो.

खात्री करायची असेल तर सोपं आहे. टॉर्च दूरच्या भिंतीवर मारा आणि बल्ब मागेपुढे अगदी थोडा सरकवून पाहा (चिमट्याने टोपी धरून, काचेला बोट न लावता). खळगा लहान-मोठा होत असेल तर दोष बैठकीचा आहे. रिफ्लेक्टर स्वच्छ असूनही पहिल्या दिवसापासून खळगा असेल, तर नव्या बल्बची तार जुन्या बल्बपेक्षा वेगळ्या उंचीवर आहे, एवढंच. तिथे उष्णतेचा काही संबंध नाही.

कोण किती तापतं

सर्वसाधारण टॉर्चचे रिफ्लेक्टर एबीएस किंवा तत्सम प्लास्टिकचे असतात. हे प्लास्टिक साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आकार सोडायला लागतं. अ‍ॅक्रिलिकचंही तेच. पॉलिकार्बोनेट १४५-१५० अंशांपर्यंत तग धरतं. आणि हॅलोजन बल्बच्या काचेची भिंत? ती निदान २५० अंशांवर असावीच लागते. त्याहून थंड राहिली तर हॅलोजनचं चक्र चालत नाही, म्हणजे तारेवरून उडालेलं टंगस्टन परत तारेकडे जायचं सोडून काचेवर बसतं आणि बल्ब काळा पडतो. म्हणून बल्ब थंड करायच्या भानगडीत पडू नका. बल्बला गरमच राहू द्यायचं, फक्त रिफ्लेक्टरला त्याच्यापासून सोडवायचं.

बल्बच्या खालच्या टोकाला, जिथे पिना काचेत शिरतात, तिथली गोष्ट उलटी आहे. ती जागा ३५० अंशांच्या वर जाऊ नये. तिथे काचेत मॉलिब्डेनमची पातळ पट्टी असते. ती त्याहून तापली की हवेने गंजते आणि बल्ब तार न तुटताच मरतो. म्हणून बल्बचा बुडखा पुट्टीत किंवा अस्बेस्टॉसच्या दोरीत गच्च कोंबून ठेवणं बल्बलाही मारक आहे. अस्बेस्टॉस तर हातातही घेऊ नका, ते फुप्फुसाला घातक आहे.

रिफ्लेक्टरवरची चकाकी म्हणजे निर्वात पेटीत बसवलेला अ‍ॅल्युमिनियमचा थर. तो एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. एवढ्या पातळ थरातून उष्णता बाजूला पसरत नाही, आणि खालचं प्लास्टिक तर उष्णता वाहून न्यायच्या बाबतीत अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास हजारपट मागे. त्यामुळे भोकाजवळ तापलेलं तिथेच तापत राहतं. काठ हाताला गार लागतो आणि माणूस फसतो.

पहिला फेरफार: भोक मोठं करा

हे ऐकून लोक दचकतात. आधीच जळकं भोक, ते अजून मोठं करायचं? हो. ९ मिमीचं भोक १३ मिमी करा, म्हणजे ९ मिमीच्या बल्बभोवती २ मिमी मोकळी हवा राहते. जळालेलं कडंही त्यात आपसूक निघून जातं.

नुकसान किती? मधल्या बिंदूचं वर सांगितलंच, साडेतीन टक्के. एकूण उजेडाचं थोडं जास्त आहे. ६ मिमी फोकसच्या रिफ्लेक्टरमध्ये तारेपासून मागे जाणारा सुमारे १२ टक्के उजेड ९ मिमीच्या भोकातून वाया जातो, १३ मिमीचं केलं की सुमारे २३ टक्के. हा कागदावरचा हिशोब आहे, तारेचा उजेड चहूकडे सारखा जातो असं धरलेला. प्रत्यक्षात बल्बचा बुडखा मागची बाजू आधीच अडवून बसलेला असतो, त्यामुळे तोटा त्याहून कमी. शिवाय भोकाजवळचा भाग तारेच्या इतका जवळ असतो की तिथून तारेची मोठी आणि पसरट प्रतिमा पडते. काठापेक्षा जवळपास पाचपट मोठी. दूरच्या झोताला तिचा उपयोग नसतो, ती फक्त भोवतीचं फिकट कडं उजळते. लांब फेकायची टॉर्च असेल तर हा सौदा डोळे झाकून करा. घरात जवळचं बघायला वापरत असाल तर मात्र उजेड कमी झाल्यासारखा वाटेल.

भोक पाडताना साधं ड्रिल बिट वापरू नका. ते प्लास्टिकमध्ये अडकतं आणि रिफ्लेक्टर तडकतो. स्टेप ड्रिल (पायऱ्या-पायऱ्यांचं शंकूसारखं बिट) हाताने फिरवून किंवा गोल कानशीने हळूहळू वाढवा. रिफ्लेक्टरचं तोंड खाली धरून पाठीमागून काम करा, भुगा आपोआप खाली पडतो. आत बोट नको, फडकं नको. भुगा राहिलाच तर कॅमेऱ्याच्या लेन्सचा रबरी ब्लोअर मारा. आणि प्लास्टिकच्या रिफ्लेक्टरला ब्रासो लावून चमकवायचा मोह कोणाला झाला तर त्याला वेळीच थांबवा. एका घासण्यात सगळी चकाकी फडक्यावर येते.

दुसरा फेरफार: बल्बला स्वतःची बैठक द्या

खरा इलाज हा. बाकी सगळं याच्या मदतीला.

६ व्होल्ट २० वॉटच्या दोन पिनांच्या बल्बला जी-४ बैठक लागते. पिनांमधलं अंतर ४ मिमी. हा बल्ब नवलाईचा नाही, शाळा-कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकांत वर्षानुवर्षं तोच लागतो, त्यामुळे प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. त्याचा चिनी मातीचा होल्डरही त्यांच्याकडे किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळेल. प्लास्टिकचा होल्डर स्वस्त म्हणून घेऊ नका, नाहीतर रिफ्लेक्टरचं दुखणं होल्डरवर जाईल.

हा होल्डर रिफ्लेक्टरला लावायचा नाही. टॉर्चच्या नळीच्या आतल्या व्यासाची पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चकती कापून घ्या, जाडी ३ मिमी पुरे. चकती नळीत घट्ट बसली पाहिजे, कारण बुडख्याची उष्णता तिच्यातूनच नळीकडे आणि तिथून तुमच्या हाताकडे जाणार आहे. होल्डर चकतीवर दोन स्क्रूंनी बसवा. खाली वॉशर घालत-काढत तार फोकसवर आणा. वॉशरची युक्ती गावठी वाटेल, पण पाव-पाव मिमीने उंची जुळवायला याहून सोपं साधन मला सापडलेलं नाही. एकदा जुळलं की रिफ्लेक्टर मऊ पडो, बदलो, तार जागची हलत नाही.

डोकं फिरवून झोत लहान-मोठा होणाऱ्या टॉर्चमध्ये काहींच्या रिफ्लेक्टरला मागे प्लास्टिकची शेपटी असते. ती फिरताना बल्बच्या होल्डरला मागेपुढे करते. नवी बैठक बसवताना ही शेपटी कापावीच लागते. कापली तरी डोकं आट्यांवर पुढेमागे होतं आणि रिफ्लेक्टर त्याच्याबरोबर सरकतो, म्हणजे फोकस जुळवायची सोय शाबूत राहते.

वायर साधी पीव्हीसीची नको. तिची मर्यादा ७० अंशांची. सिलिकॉनची किंवा टेफ्लॉनची वायर घ्या. बल्बच्या पिनांना थेट डाग देऊन काम भागवू नका, कारण नेहमीचं ६०-४० सोल्डर १८३ ते १९० अंशांना पातळ होतं आणि पिना त्याहून सहज तापतात. जोड स्क्रूचा किंवा दाबून बसवलेला हवा.

तिसरा फेरफार: धातूचा रिफ्लेक्टर

१० वॉटचा बल्ब आणि थोडा थोडा वेळच वापर असेल तर वरचे दोन फेरफार पुरतात. २० वॉट सलग चालवायचे असतील तर प्लास्टिक सोडा.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा पलीकडे नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात छोटं काम घेणारे लेथवाले आहेत. त्यांना 'असाच बनवा' म्हणून जळका रिफ्लेक्टर दाखवलात तर ते अंदाजाने वाटी कोरून देतील आणि झोत कुठेच जाणार नाही. आकार पॅराबोलाचा लागतो. त्याचं सूत्र असं: त्रिज्येचा वर्ग = ४ × फोकस अंतर × खोली. फोकस ६ मिमी धरला तर तळापासून मोजलेली खोली त्रिज्या १० मिमीला ४.१७ मिमी, १५ ला ९.३८, २० ला १६.६७ आणि २५ ला २६.०४ मिमी. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारा लेथ असेल तर सूत्रच द्या. साधा लेथ असेल तर याच मापांवरून पत्र्याचं टेम्प्लेट कापून द्या. मिस्त्री जुना असेल तर तो टेम्प्लेट बघून समजून जातो, 'भाऊ, दिव्याची वाटी आहे ना, मग आतल्या रेघा घालवायला वेळ लागेल' असं स्वतःहून सांगतो. त्या वेळेचे पैसे द्या. टूलच्या रेघा राहिल्या तर भिंतीवर गोल-गोल कडी दिसतात. आधी ४००, मग ८००, मग १२०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, आणि शेवटी बफ. बफ भोकाच्या कडेला जास्त वेळ धरू नये, कड गोल होते.

आता एक सल्ला तुम्हाला नक्की मिळेल: 'वर क्रोम मारून घ्या, आरसा होईल.' घेऊ नका. क्रोम डोळ्याला चकचकीत दिसतो, पण उजेडाचा साधारण दोन-तृतीयांश भागच परत पाठवतो. अ‍ॅल्युमिनियम नव्वद टक्क्यांच्या जवळ जातो. उरलेला उजेड रिफ्लेक्टर पितो आणि तापतो. म्हणजे पैसे देऊन उजेड घालवायचा आणि उष्णता घ्यायची. चांदीचा मुलामा अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सरस, पण खाडीच्या हवेत तो काळा पडायला वेळ लागत नाही. वर लॅकर मारायचाही विचार नको, तापून तो पिवळा होतो.

धातूचा रिफ्लेक्टर बसवताना एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. बहुतेक धातूच्या टॉर्चमध्ये नळी हाच बॅटरीचा एक ध्रुव असतो. बल्बची उघडी पिन किंवा वायरचं टोक रिफ्लेक्टरला लागलं की सरळ शॉर्ट. साध्या मसाल्याच्या सेलमध्ये ते खपून जायचं, रिचार्जेबल सेलमध्ये वायर लाल होते. म्हणून भोक १३ मिमी, बल्ब बरोबर मध्ये, आणि बसवून झाल्यावर बल्ब काढून मल्टिमीटरने होल्डरची दोन्ही टोकं आणि रिफ्लेक्टर यांच्यात पाहायचं. ज्या टोकाचा नळीशी संबंध नसायला हवा तिथे बीप वाजता कामा नये.

लेथचा खटाटोप नको असेल तर छोट्या स्पॉटलाइटमधला ५० मिमीचा एमआर-१६ दिवा वापरता येतो. यात बल्ब आणि काचेचा रिफ्लेक्टर एकत्रच येतात आणि फोकस कारखान्यातच जुळवलेला असतो. बारा व्होल्टची सोय हवी, यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी चालते. पण दिवा निवडताना पाठीमागून पाहा. मागून रंगीत, आरपार झाक दिसत असेल तर तो डायक्रोइक आहे. तो उजेड पुढे फेकतो आणि इन्फ्रारेडचा बराचसा भाग मुद्दाम मागे जाऊ देतो. दुकानातल्या कपड्यांवर उष्णता पडू नये म्हणून केलेली ती सोय, टॉर्चमध्ये मात्र सगळी उष्णता स्विच आणि बॅटरीवर येऊन पडते. मागून अपारदर्शक, अ‍ॅल्युमिनियमच्या थराचा घ्या.

काच, रबर, स्प्रिंग

पुढची काच अ‍ॅक्रिलिकची असेल तर ती आधी बदला. तिच्या मधोमध फुगवटा आला असेल तर उशीरच झाला म्हणायचा. साधी काच चालेल, पण जुलैच्या पावसात तापलेल्या काचेवर थेंब पडले की ती तडकू शकते. बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या साधारण एक-तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती बरी. टफन्ड काच आणून मापाने कापायला जाऊ नका, कापताच तिचा चुरा होतो. आधी कापून मग टफन करतात. काचेशिवाय हॅलोजन बल्ब लावून तोंडासमोर धरणारे महाभाग मी पाहिले आहेत. आत दाबाखाली वायू असतो, बल्ब क्वचित फुटतो, पण फुटला तर तुकडे गरम असतात.

काचेमागची रबरी रिंग सिलिकॉनची घ्या, ती २०० अंशांपर्यंत टिकते. साधी काळी नायट्राइल रिंग १००-१२० च्या पुढे कडक होऊन तडकते आणि मग पाणी आत.

मागची स्प्रिंग कोणी बघतच नाही. ६ व्होल्टला २० वॉट म्हणजे ३.३ अँपिअर. स्प्रिंग आणि तिचे गंजके टेकू मिळून ०.१ ओहम रोध असेल तर तिथेच एक वॉटहून जास्त उष्णता होते आणि पाव व्होल्टहून अधिक गळतो. तापून स्प्रिंगचा ताण जातो, बल्ब लुकलुकायला लागतो आणि लोक रिफ्लेक्टर बदलतात. स्प्रिंगच्या आतून तांब्याची विणलेली वेणी दोन्ही टोकांना जोडून द्या, प्रवाह तिच्यातून जाईल.

बल्बला हात लावताना स्वच्छ कागद किंवा रुमाल. बोट लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. घामातले क्षार तापलेल्या क्वार्ट्‌झमध्ये पांढरे डाग पाडतात आणि तिथून बल्ब जातो.

व्होल्ट थोडा वाढला तर?

रिफ्लेक्टर वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बल्बला त्याचाच व्होल्ट देणं. व्होल्ट १० टक्के वाढवला की उजेड साधारण ३८ टक्के वाढतो, वॉट १६ टक्के वाढतात आणि बल्बचं आयुष्य तिसऱ्या हिश्श्यावर येतं. ६ व्होल्टच्या बल्बला पाच निकेल-मेटल हायड्राइड सेल नेमके जुळतात, फक्त चार्जरवरून काढल्या काढल्या लावू नका. तेव्हा ते सात व्होल्टच्या आसपास असतात. ६ व्होल्टची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीही चालते. ४.५ अँपिअर-तासाची असेल तर २० वॉटवर तासभर मिळेल, थोडं इकडे-तिकडे. लॅपटॉपमधून काढलेले दोन लिथियम सेल मात्र नकोत. पूर्ण चार्ज झालेली ती जोडी ८.४ व्होल्ट देते, ६ व्होल्टचा बल्ब स्विच दाबताच लख्खकन पेटून संपू शकतो.

मोजून पाहा, पण इन्फ्रारेड गनने फसू नका

फेरफार करून झाल्यावर तापमान मोजल्याशिवाय टॉर्च कोणाच्या हातात देऊ नका. तापमान मोजायची इन्फ्रारेड गन रिफ्लेक्टरच्या चकाकत्या भागावर रोखली तर ती ३५-४० अंश दाखवते आणि सगळं आलबेल वाटतं. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम स्वतः फारच थोडं इन्फ्रारेड सोडतो. गनला दिसतं ते समोरच्या वस्तूंचं, बहुतेक वेळा तुमचंच, प्रतिबिंब. रिफ्लेक्टरच्या पाठीवर, भोकाच्या शेजारी, बिनचमकीचा काळा रंग ठिपक्याएवढा लावा आणि तिथे मोजा. त्याहून बरं म्हणजे मल्टिमीटरबरोबर येणारा के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) पाठीमागे टेकवून उष्णतारोधक टेपने चिकटवा.

पंखा बंद, टॉर्च आडवी, सेल पूर्ण भरलेले. आकडा वाढायचा थांबेपर्यंत बसून राहा. एबीएसचा रिफ्लेक्टर ७५ च्या वर जात असेल तर तो तुम्ही फार तर काही मिनिटांच्या वापरासाठी ठेवू शकता, सलग नाही. हे माप डिसेंबरात घेतलंत तर मे महिन्यासाठी त्यात दहा अंश मिळवा. आणि चालू टॉर्च गादीवर किंवा कपड्यावर तोंडावर पालथी घालून आकडा कुठवर जातो ते बघायचा प्रयोग करू नका. २० वॉटचा हॅलोजन कापड पेटवू शकतो.

एवढं करूनही भोकाच्या कडेला डाग आला तर बल्ब मध्ये आहे का ते पुन्हा पाहा, एका बाजूची फट जवळजवळ शून्य असेल. बल्ब आतून काळा पडत असेल तर उलटा प्रश्न आहे: त्याला व्होल्ट कमी मिळतोय. सेल, स्प्रिंग आणि स्विचचे टेकू मोजा, रिफ्लेक्टरला हात लावू नका. दोन्ही ठीक असून फक्त वरच्या बाजूला डाग येत असेल, तर टॉर्चचं डोकं २० वॉटला लहान पडतंय. त्यात १० वॉटचा जी-४ टाका. बैठक तीच चालते. फक्त तारेची उंची वेगळी असू शकते, तेव्हा वॉशर हाताशी ठेवा.